खालच्या ओळीतला कागद

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता जपानमधल्या कामिशिओ गावच्या नगर इतिहास संग्रहालयातली सात नंबरची काचपेटी रिकामी सापडली. काच फुटली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं. आत निळं कापड होतं आणि त्यावर कागदाएवढा एक चौकोन जरा गडद दिसत होता. बस्स.

गेलेला कागद दोनशे चाळीस वर्षांचा होता. दुष्काळात अठ्ठावीस शेतकऱ्यांनी केलेला तक्रारअर्ज. त्यावरची नावं एकाखाली एक नव्हती, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी गोल लिहिलेली होती. कारण साधं होतं. अर्जात पहिलं नाव ज्याचं, त्याचं मुंडकं पहिलं उडायचं. वर्तुळात पहिला कोण? बसा शोधत.

अकरा वाजता सफाईवाल्या तोमी इसोगाईला संचालकांच्या खोलीत बोलावणं आलं.

"बसा ना, इसोगाईबाई," संचालक कुराहाशी म्हणाला.

एकोणीस वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. काहीतरी वाईट वाढून ठेवलंय हे तिला तिथेच कळलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. समोर नीट भांग पाडलेला कुराहाशी, आणि खिडकीपाशी कागदपत्रांचा अभ्यासक तोकोरो, पाठ करून उभा.

"काल सोमवार. संग्रहालय बंद," कुराहाशी बोटं मोजत म्हणाला. "आत चारच माणसं. मी, तोकोरो, भिंतीला कागद लावायला आलेले ओकोनोगी मास्तर आणि तुम्ही. मागच्या दारावर पहारेकऱ्याने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. तपासलं नाही ते फक्त एक, कचऱ्याची पोती. ती कुणी बाहेर ठेवली?"

"मी. दर सोमवारी मीच ठेवते."

"आणि आज आठ वाजता गाडीने ती भट्टीत नेली. पेटीच्या तीन किल्ल्या. एक माझी, एक तोकोरोची, एक तुमच्या जुडग्यात."

"आतून काच पुसायला किल्ली लागते, साहेब. चार वाजता मी काच पुसली तेव्हा कागद आतच होता."

"असं तुम्ही म्हणता." तो हसला. माणूस हसून बोलायला लागला की तोमीला त्याच्या दातांची भीती वाटायची. "मी संपूर्ण इमारत शोधायला लावली. कपाटं, तिजोऱ्या, माझे स्वतःचे खण. कागद इथे नाही. तुम्ही चोर आहात असं मी म्हणतच नाही. पुसताना खाली पडला, रद्दी समजून पोत्यात गेला. चूक. चुकीला माफी असते."

त्याने छापील कागद पुढे सरकवला. *माझ्या हातून अनवधानाने.* खाली सहीसाठी एकच रेघ.

"शनिवारी दहा वाजता नव्या दालनाचे देणगीदार उएमात्सु साहेब समारंभाला येतायत. त्याआधी सही द्या, प्रकरण घरातच मिटेल. नाहीतर पोलीस. तुमची मुलगी नगरपालिकेच्या शाळेत शिकवते ना? गाव लहान आहे, बाई."

तोमीने मान खाली घातली. लाजेने नाही, वर पाहिलं असतं तर तोंडून काय निघालं असतं सांगता येत नव्हतं. खाली पाहताना तिला त्याची गडद निळी विजार दिसली. आठवडाभर तो एकच सूट घालायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. आज विजारीच्या दोन्ही गुडघ्यांवर पांढुरके, वाळून कडक झालेले गोल डाग होते.

पेज सांडली असेल सकाळी, तिला वाटलं. आणि ती ते विसरून गेली.

२

दोन दिवस तो छापील कागद जेवणाच्या मेजावर पडून होता. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, देऊन टाक सही. माझी काळजी नको, पण तू कशाला झगडतेस?" तोमीने फोन ठेवला आणि घरातली धुतलेली भांडी परत धुतली.

न केलेली चूक कबूल करायची, वर वाकून नमस्कार करायचा, आणि सगळ्यांनी म्हणायचं, किती समंजस बाई! या समंजसपणावर मोठ्यांच्या खुर्च्या उभ्या असतात. तोमी समंजस नव्हती. तिला फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती ओकोनोगी मास्तरांच्या दुकानी गेली. म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. चित्रं मढवणं, सरकत्या दारांना कागद चढवणं, जुने दस्त दुरुस्त करणं, या तीन कामांपलीकडे जगात काही आहे हे त्याला मान्य नव्हतं. सात नंबरच्या पेटीतला कागदही त्यानेच दुरुस्त केला होता.

"आलीस का चोरटे?" तो दारातच ओरडला. "ये. चहा घे. तू चोरला असतास तर मी तुला दोन चहा दिले असते."

"मास्तर, चेष्टा पुरे. सोमवारी तुम्ही किती वाजता निघालात?"

"तीन. पहारेकऱ्याच्या वहीत आहे."

"चार वाजता मी कागद डोळ्यांनी पाहिला. म्हणजे तुम्ही सुटलात."

"अरे देवा, माझ्यावरही संशय होता?" म्हातारा खूश झाला. "चांगलं आहे. या वयात कुणी संशयसुद्धा घेत नाही."

"नव्या दालनात काय काम होतं तुमचं?"

"शेतकऱ्याच्या घराची खोली केलीय ना, मातीच्या भिंतींची. बसलेल्या माणसाच्या कपड्याला माती लागू नये म्हणून भिंतीच्या पायथ्याशी कमरेइतका कागद लावायचा. पूर्वी लोक जुनी पत्रं लावायचे, मीही जुनी पत्रंच लावली. दोन ओळी. आधी खालची, मग वरची, आणि वरच्या कागदाची कड खालच्यावर. कौलांसारखी. उलटं केलं की सांध्यात धूळ बसते. माझ्या बापाने यासाठी माझ्या कानाखाली वाजवली होती, तेव्हापासून चुकलो नाही."

"बाकी सगळं ठीक, पण सामान नीट ठेवत जा हो," तोमी म्हणाली. "पाच वाजता मी आवरायला गेले तर तुमचा खळीचा कुंचला पाण्याच्या बादलीत उभा. केस सगळे दुमडलेले. मीच धुऊन ठेवला."

म्हाताऱ्याच्या हातातली कपबशी थांबली.

"कुठे उभा?"

"बादलीत. केसांवर."

"तोमी, तो कुंचला माझ्या बापाचा आहे. मी तो धुऊन, केस खाली करून, खिळ्याला टांगला होता. तीन वाजता. कुंचला केसांवर उभा करणाऱ्याचा मी हात तोडीन."

तीन आणि पाचच्या मध्ये त्या खोलीत कुणीतरी खळ वापरली होती. आणि तोमीने तो पुरावा स्वतःच्या हाताने, साबण लावून, स्वच्छ धुऊन टाकला होता.

३

शुक्रवारी सकाळी ती संग्रहालयाच्या पुढच्या दाराने आत गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मंगळवारपासून कामगारांच्या मागच्या दाराने तिला मनाई होती; पुढचं दार कुणालाही बंद नसतं.

दारासमोर गेन्झो उएमात्सुचा पितळी पुतळा, हात आकाशाकडे. शेतकऱ्यांच्या बंडाचा एकमेव नेता, असं खाली कोरलेलं. नवं दालन त्याच्या वंशजांनी, गावच्या साके या तांदळाच्या दारूच्या भट्टीच्या मालकांनी, बांधून दिलेलं. त्या पुतळ्याच्या डोक्यावरची कबुतरांची घाण तोमी दर आठवड्याला काढायची.

तिकीटखिडकीतली मिसाओ तिला बघून उडालीच. "तोमीताई! तुम्ही? आत जा पटकन, तिकीट कसलं मागताय!"

"तिकीट फाड. आज मी पाहुणी आहे. पाहुणीला कुणी हाकलत नाही."

मिसाओने तिकीट दिलं आणि डोळे पुसले. "सही करू नका हो, ताई. आम्ही सगळ्या म्हणतोय."

"म्हणताय कुठे?"

"गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात."

"तिथे म्हणून काय उपयोग गं," तोमी म्हणाली.

रोज फरशी बघत फिरणाऱ्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा भिंती पाहिल्या. जुने नकाशे, मिठागरांची अवजारं, पूर आला त्या सालच्या खुणा. सात नंबरच्या पेटीत एक पाटी होती, *दुरुस्तीसाठी काढले आहे.* खोटं बोलायलासुद्धा सुबक अक्षर वापरलं होतं.

पेटीशेजारी तोकोरो उभा होता. चाळिशीचा, चष्म्याआडून कायम माफी मागितल्यासारखा बघणारा. तिला पाहून तो वळला, पण तोमी आडवी झाली.

"तोकोरो साहेब, जुनी अक्षरं वाचता येणारे इथे तुम्ही एकटे. त्या कागदात काय लिहिलं होतं?"

"ते... अजून प्रसिद्ध व्हायचंय."

"मंगळवारी तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. बाहेर काय होतं? सायकलींचा अड्डा. अर्धा तास सायकली बघत होतात?"

तोकोरोने एक पाऊल मागे घेतलं. "इसोगाईबाई, मला पोटापाण्याचं आहे."

"मलाही."

तोकोरोने आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. मग काचेवर बोट ठेवून, रिकाम्या निळ्या कापडाकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "अर्ज कुणाविरुद्ध होता ते पुतळ्याखाली लिहिलेलं नाही. गावच्या मुखियाविरुद्ध होता. करवसुलीला तो मोठं माप वापरायचा आणि गोदामात भरताना लहान. मधला तांदूळ स्वतःच्या घरात. त्या साली गावातली एकेचाळीस माणसं उपाशी मेली. मी महिन्यापूर्वी हे वाचलं आणि संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, समारंभ होईपर्यंत तोंड बंद."

"मुखिया कोण?"

तोकोरोने मान वळवली. दारातून पितळी पाठ दिसत होती, हात आकाशाकडे.

"तोच," तो म्हणाला.

४

औपचारिक उद्घाटन व्हायचं होतं, पण नव्या दालनातली खोली बुधवारपासूनच लोकांना खुली होती. बाहेर अंगणात सुतार उद्याच्या समारंभाचा मंच ठोकत होता. करवतीचा बारीक भुसा वाऱ्याने आत येऊन सगळीकडे बसत होता. तोमीने जोडे काढले, चटईवर चढली आणि गुडघ्यांवर बसली.

बसल्याबरोबर तिला कळलं. भिंतीच्या पायथ्याचा तो कागद नीट बघायला गुडघ्यांवरच यावं लागतं. आणि खळ सांडलेल्या चटईवर गुडघे टेकले तर...

पांढुरके, वाळून कडक झालेले दोन गोल डाग. पेज नव्हे. खळ! आयुष्यभर कपड्यांना खळ घातलेल्या बाईला ती विजारीवर ओळखता येऊ नये, याचा तिला स्वतःचाच राग आला.

पण डाग म्हणजे पुरावा नव्हे. ती भिंतीच्या कडेकडेने सरकत गेली. जुन्या पत्रांचे कागद, कौलांसारखे, वरची कड खालच्यावर. सांधे स्वच्छ. भुसा त्यांच्यावरून घसरून चटईवर पडलेला. दुसरी भिंत, स्वच्छ. तिसरी, स्वच्छ.

उत्तरेच्या कोपऱ्यात, शेगडीमागे, तिचं बोट थांबलं. एका कागदाच्या वरच्या कडेवर भुशाची बारीक पिवळी रेघ होती, खिडकीच्या चौकटीवर धूळ बसते तशी. खालच्या ओळीतला तो कागद वरच्याच्या *वर* आला होता.

धूळ म्हणजे काय हे या इमारतीत तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिने हिशोब जुळवला. मास्तर तीनला गेले, तेव्हा कागद पेटीत होता. उरले दोघे, ज्यांच्याकडे किल्ली होती. तोकोरो शाळेच्या मुलांना दर शरदात याच विषयावर तासभर पकवतो, कड कुठली वर आणि कुठली खाली. त्याला एखादा कागद नंतर चिकटवायचा असता तर त्याने तो वरच्या ओळीत लावला असता, कुणाला पत्ता लागला नसता. ही चूक त्याच माणसाची, ज्याने आयुष्यात कागदावर फक्त शिक्के मारले. नगरपालिकेतून तीन वर्षांपूर्वी बदलून आलेला कुराहाशी. एक सूट, दोन गुडघे.

तिने नखाने कागदावर टिचकी मारली. शेजारच्या कागदावर मातीचा टक्क आवाज आला होता. इथे आवाज पोकळ आला, ढोलकीच्या चामड्यासारखा. फक्त चार कडा चिकटवलेल्या, आत खिसा.

जाळला का नाही मेल्याने? तेही तिला उमगलं. जळालेल्या कागदाला उएमात्सु कशाला घाबरेल? कागद जिवंत आहे तोवर तो कधीही बाहेर काढून उएमात्सुला मुठीत धरता येईल. निवृत्तीनंतर उएमात्सुकडून मिळवायची खुर्ची त्या खिशात होती.

तिची बोटं कडेवर गेली. एक ओढ, की झालं.

"काय शोधताय, इसोगाईबाई?"

कुराहाशी उंबरठ्यावर उभा होता. जोडे न काढता.

तोमीची बोटं थिजली. आता फाडला तर? खोलीत दोघंच. तो म्हणेल, बघा, हिनेच लपवला होता. आणि न फाडता गेली, तर तासाभरात कागद दुसरीकडे. तिने पदरचा सगळा राग गिळला, कपाळ चटईला लागेपर्यंत वाकली, आणि रडक्या आवाजात म्हणाली,

"शेवटचं बघायला आले होते, साहेब. मी सही करते. पण माझी एक विनंती आहे. उद्या उएमात्सु साहेबांच्या समोर, स्वतःच्या हाताने कागद देईन. सगळ्यांसमोर माफी मागेन. तेवढा मान ठेवा."

कुराहाशीचा चेहरा लोण्यासारखा सैल झाला. "समंजस आहात," तो म्हणाला.

५

शनिवारी दहाला नव्या दालनात सत्तर-ऐंशी माणसं होती. गावच्या वर्तमानपत्राची एक तरुण वार्ताहर कॅमेरा सावरत पुढे बसलेली. उएमात्सु साहेब पांढरे हातमोजे घालून, कात्री हातात घेऊन. तोमी धुतलेल्या निळ्या गणवेशात आली, दोन्ही हातांवर घडी घातलेला कागद.

"आमच्या एका कर्मचारी भगिनीकडून नकळत एक चूक घडली," कुराहाशीने गोड सुरात सुरुवात केली. "त्या ती मोठ्या मनाने..." त्याने कागद घेतला. उघडला. आणि थांबला.

छापील माफीनामा नव्हता. मास्तरांच्या दुकानातला जाड हातकागद होता. मधोमध लिहिलेलं होतं, *उत्तरेचा कोपरा, शेगडीमागे, खालच्या ओळीतला कागद इथेच, सगळ्यांदेखत उघडावा.* आणि भोवती, छत्रीच्या काड्यांसारखी, बारा नावं.

"हा काय चावटपणा आहे?" त्याचा आवाज फाटला. "कुणी सुरू केलं हे? पहिलं नाव कुणाचं?"

"फिरवून बघा, साहेब," तोमी म्हणाली.

त्याने खरंच फिरवला! एकदा, दोनदा. मिसाओ, पहारेकरी, मास्तर, सफाईच्या दोघी, माहिती सांगायला येणारे स्वयंसेवक. न्हाणीघरात कुजबुजणारे सगळे कागदावर आले होते. लोकांत पहिल्यांदा हसू फुटलं.

"काढा हिला बाहेर!" कुराहाशी पहारेकऱ्यावर ओरडला.

पहारेकरी हलला नाही. "माझंही नाव आहे त्यात, साहेब. मला कोण काढणार?"

"भिंतीला कुणी हात लावायचा नाही! ती संग्रहालयाची मालमत्ता—"

"भिंत मी केलीय," मास्तर कोपऱ्यातून खेकसले. ते आधीच शेगडी बाजूला करून बसले होते, हातात बापाचा कुंचला. "आणि हा एक कागद मी लावलेला नाही. माझ्या कामात असली उलटी कड? माझा बाप उठून येईल!" त्यांनी कोमट पाणी कडेवर फिरवलं. थांबले. परत फिरवलं. मग दोन बोटांनी वरची कड धरून, पोळीवरचा पापुद्रा काढावा तशी, कागद अलगद सोडवला.

आतून दुसरा कागद सरकला आणि मास्तरांच्या तळहातावर आला. कोरडा, अखंड. अठ्ठावीस नावं, गोल.

उएमात्सुच्या हातातली कात्री खाली आली. "कुराहाशी, तुम्ही तर म्हणालात तो जळाला."

वार्ताहर झटकन वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" कॅमेरा खटखटला.

"हिनेच लपवला असेल तिथे!" कुराहाशी तोमीकडे बोट करून ओरडला. "किल्ली हिच्याकडेही होती!"

"होती," तोमी म्हणाली. सत्तर माणसांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "पण लपवायचाच असता तर धूळ बसेल अशी कड मी ठेवली असती का? एकोणीस वर्षं मी धूळ काढते. सोमवारी चार ते पाचच्या मध्ये कुणीतरी मास्तरांची खळ वापरली आणि गुडघ्यांवर बसून हा कागद चिकटवला. खळ वाळली की पांढरी होते, आणि गडद निळ्या कापडावरून झटकून जात नाही. साहेब, सोमवारपासून सूट हाच आहे ना?"

सत्तर-ऐंशी माणसांनी एकाच वेळी कुराहाशीच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी ते झाकले. कबुलीजबाब यापेक्षा स्पष्ट देता येत नाही.

"वाचा ना कुणीतरी!" मागून एक म्हातारी ओरडली. "काय लिहिलंय त्यात?"

गर्दीतून तोकोरो पुढे आला. बोलण्याआधी त्याने कुराहाशीच्या हातातून नवा गोल कागद काढून घेतला, खिशातलं पेन उघडलं आणि दोन नावांच्या मधल्या फटीत स्वतःचं नाव लिहिलं. वर्तुळात जागा होती. मग त्याने जुना कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागला. मुखिया गेन्झोचं मोठं माप, गेन्झोचं लहान माप, मेलेल्या एकेचाळीस माणसांची घरं. त्याचा आवाज चढत गेला. दोनशे चाळीस वर्षं बोलणं गिळून बसलेलं गाव त्या खोलीत बोललं, आणि पांढऱ्या हातमोज्यांना ते उभं राहून ऐकावं लागलं.

वाचून झाल्यावर तोकोरोने कागद मास्तरांच्या हाती दिला. मग मागच्या म्हातारीने टाळी वाजवली आणि छपराचं गवत हलेल असा गजर झाला.

मास्तरांनी तोमीला जवळ बोलावून वर्तुळातली एक जागा दाखवली. तिथे नाव नव्हतं. लिहिता न येणाऱ्या कुणीतरी शाईत बोट बुडवून नुसता ठसा उमटवला होता. तोमीने आपलं बोट त्यावर धरलं, स्पर्श न करता. जवळजवळ तेवढंच होतं.

महिनाभराने सात नंबरच्या पेटीत दोन गोल कागद शेजारी शेजारी लागले. पुतळा आहे तिथेच आहे. त्याच्याखालची पाटी तेवढी तोकोरोने नवी लिहिली. डोक्यावरची कबुतरांची घाण काढायचं काम तोमीने सोडून दिलं. नवीन संचालकबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "राहू दे, शोभते."

आणि कुराहाशी? नगरपालिकेच्या चौकशीत त्याच्यापुढे जो कबुलीचा कागद ठेवला, तो तोच छापील नमुना होता. खाली सहीसाठी एकच रेघ. ती त्याला बरोबर पुरली.